नागपुरास तीन दिवस

नागपुरास जाऊन आलेल्या मनुष्याने संत्री, सावजी रस्सा आणि तेथील उन्हाळा यांविषयी लिहावे असा एक अलिखित दंडक आहे. तो आम्ही या वेळी मोडणार आहो. गेल्या मार्गशीर्षात आमचे तीन दिवस नागपुरास वास्तव्य झाले, आणि त्या तीन दिवसांत आम्हांस जे पाहावयास मिळाले त्याचा विषय मद्य हा आहे. एवढे वाचून ज्या वाचकभगिनी पान उलटतील त्यांस आम्ही दोष देणार नाही. मात्र ज्यांच्या घरात हा विषय कुजबुजत का होईना येऊन बसला आहे, आणि अशी घरे आज मुळीच विरळा राहिलेली नाहीत, त्यांनी थोडा वेळ आमच्यासोबत यावे अशी विनंती आहे. २०२२ साली स्कॉटलंडमधून सर्वांत अधिक व्हिस्कीच्या बाटल्या ज्या देशात गेल्या तो देश भारत होय. त्या वर्षी फ्रान्सला मागे टाकून आपण एकवीस कोटी नव्वद लाख बाटल्या मागविल्या. इतक्या बाटल्या काही केवळ राजेरजवाड्यांच्या घरी रिकाम्या झाल्या नसतील.

आमचे महाविद्यालयातील एक जुने स्नेही धरमपेठेत राहतात. रसायनशास्त्र शिकवून ते आता निवृत्त झाले आहेत. घर वडिलांच्या वेळचे. पुढे ऐसपैस ओसरी, मागे आवळ्याचे झाड, आणि मधल्या खोलीत एक जुने शिसवी कपाट. या कपाटाकडे वाचकांनी लक्ष ठेवावे. स्नेह्यांनी आम्हांस पाठविलेल्या पत्रात असे लिहिले होते की, "आमची सात जणांची मंडळी कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत महिन्यातून एकदा आमच्याकडे जमते व स्कॉच व्हिस्कीचा आस्वाद घेते. पिते असे मी लिहिले नाही हे ध्यानात घे. वैशाखात आम्ही बंद असतो, कारण बेचाळीस अंशांच्या उष्म्यात पेल्याला नाक लावले तर नुसता दारूचा भपकारा येतो, दुसरे काही कळत नाही. तू मार्गशीर्षात ये."

खरे सांगावयाचे तर पत्र वाचून आमच्या मनात पहिला विचार आला तो 'एकच प्याला' नाटकातील तळीरामाच्या आर्य मदिरा मंडळाचा. दारू पिणाऱ्यांनी मंडळ स्थापून आपल्या व्यसनास शास्त्राचा मुलामा द्यावा, यापलीकडे यात काय असणार? आम्ही स्वतः या बाबतीत अगदी सोवळे नाही. लग्नसमारंभात कोणी हातात पेला दिला तर सोडा आणि बर्फ यांत बुडवून आम्ही तो संपवीत आलो आहो. परंतु ज्याची चवही आम्ही कधी नीट घेतली नाही त्याचा अभ्यास करणारे लोक आम्हांस थोडे हास्यास्पदच वाटत. तरी गेलो. जाताना, परदेशी असलेल्या पुतण्याने आणून दिलेली एक बाटली भेट म्हणून पेटीत घातली.

स्कॉटलंडचा आणि नागपूरचा संबंध बाटलीने जुळला अशी आमची समजूत होती. ती स्नेह्यांनी पहिल्याच सकाळी दुरुस्त केली. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू असल्यामुळे सिव्हिल लाइन्समध्ये जागोजाग पोलिस उभे होते. त्यांतून वाट काढीत ते आम्हांस हिस्लॉप कॉलेजच्या फाटकाशी घेऊन गेले. हे महाविद्यालय १८८३ साली निघाले आणि ज्यांचे नाव त्यास दिले ते रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप त्यापूर्वी वीस वर्षे निवर्तले होते. जन्माने ते स्कॉटलंडच्या बेरिकशायर प्रांतातील डन्स गावचे. १८४५ साली मिशनरी म्हणून नागपुरास आले, शाळा काढली, आणि फावल्या वेळात या भागातील खडक व अश्मीभूत अवशेष गोळा करीत हिंडले. नागपूरच्या भूस्तरांचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्या पहिल्या लोकांत त्यांची गणना होते. एका खनिजासही त्यांचे नाव मिळाले आहे. गोंड लोकांची भाषा, गीते व चालीरीती यांची त्यांनी केलेली टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापविली. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाट येथे प्राचीन शिलावर्तुळांचे उत्खनन पाहून रात्री परत येत असता पूर आलेला नाला ओलांडताना ते बुडून वारले. स्नेही म्हणाले, "आमच्याकडे आलेला पहिला उत्तम स्कॉच हा. तोही पाण्यानेच गेला."

हा विनोद बरा की वाईट हे आम्ही ठरविले नाही. परंतु त्यानिमित्ताने मोहाची गोष्ट निघाली. हिस्लॉप ज्या गोंडांमध्ये हिंडले त्यांच्या जन्म, विवाह व मृत्यू यांतील एकही विधी मोहाच्या दारूवाचून पुरा होत नसे. फाल्गुन-चैत्रात मोहाची मांसल फुले पहाटे झाडाखाली पडतात, बायकामुले ती वेचतात, वाळवितात, भिजवून आंबवितात व मडक्यावर मडके ठेवून त्यांचा अर्क काढतात. ऊर्ध्वपातनाचे तत्त्व तेच, मडके काय आणि तांब्याचे भांडे काय. पण इंग्रज सरकारने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत या फुलांवरसुद्धा बंधने घालणारा कायदा १८९२ साली केला. कारण घरोघर फुकट मिळणारी दारू असल्यावर अबकारीचे उत्पन्न कोठून यावे? ज्या दारूस आपण पिढ्यान् पिढ्या हलकी म्हटले तिला मध्य प्रदेश सरकारने २०२१ मध्ये वारसा-मद्य म्हणून मान देण्याचे जाहीर केले, हा काळाचा महिमा म्हणावयाचा.

स्नेह्यांचे आणखी एक निरीक्षण येथेच नमूद करतो. मनूने सुरा तीन प्रकारची सांगितली आहे: गुळापासून होणारी गौडी, पिठापासून होणारी पैष्टी आणि मोहाच्या फुलांपासून वा मधापासून होणारी माध्वी. "आता पाहा," ते म्हणाले, "जवाची स्कॉच ही पैष्टी. आपल्याकडे स्वस्त व्हिस्की म्हणून जी विकली जाते तिच्यात बहुधा साखर कारखान्याच्या मळीचा अर्क असतो, म्हणून युरोपात तिला व्हिस्की म्हणू देत नाहीत, ती गौडी. आणि मोहाची ती माध्वी. तिन्ही नागपुरास पन्नास कोसांच्या आत मिळतात." आम्ही विचारले, "आणि मनूने पुढे काय सांगितले आहे?" ते म्हणाले, "पुढचे तुला ठाऊक आहे, आणि आईलाही ठाऊक आहे. म्हणून तर किल्ली तिच्याकडे असते."

त्या संध्याकाळी सात वाजता ती किल्ली आम्ही पाहिली. स्नेह्यांच्या मातुःश्री चौऱ्यांशी वर्षांच्या आहेत. नऊवारी नेसतात, चष्मा लावून वर्तमानपत्र वाचतात, आणि त्यांच्या कमरेला चांदीच्या छल्ल्यात एकच किल्ली असते, ती त्या शिसवी कपाटाची. त्यांनी कपाट उघडले, चार बाटल्या काढून दिल्या, देताना प्रत्येकीच्या चिठ्ठीवर आतील मद्य जेथवर होते तेथे पेन्सिलीने बारीक रेघ ओढली, आणि एका वहीत काही लिहिले. आमची भेटीची बाटलीही त्यांनी हाती घेतली, वहीत टिपली आणि आत ठेवून कुलूप लावले. "ही आज नाही," एवढेच म्हणाल्या. नऊ वाजता बाटल्या परत कपाटात जावयाच्या असा नियम आहे, हे आम्हांस नंतर कळले.

मंडळीत एक डॉक्टर, कोळसा खाणीतून निवृत्त झालेले एक अभियंते, एक बँक अधिकारी, काटोलकडील एक संत्रे-बागाईतदार, एक तरुण वास्तुशिल्पी, यजमान आणि यजमानांची सून अशी सात माणसे. सर्वांपाशी सरकारी परवाना आहे. महाराष्ट्रात तो लागतो आणि अशा कडक मद्यासाठी वयाची पंचविशी पूर्ण व्हावी लागते, ही गोष्ट पुष्कळ सुशिक्षितांसही ठाऊक नसते. गाडी चालवून कोणीही आलेले नव्हते. बागाईतदारांनी एक टोपली संत्री आणली होती, परंतु ती दाराबाहेरच ठेवविण्यात आली. संत्रे सोलले की त्याच्या सालीचे तेल बोटांना आणि हवेला लागते आणि मग दोन तास कोणाच्याही नाकाला दुसरे काही कळत नाही. नागपुरात संत्र्यास घरबंदी असलेली ही एकच जागा असावी.

चार पेले प्रत्येकापुढे, तळाशी फुगीर व तोंडाशी निमुळते. प्रत्येकात पंधरा मिलिलिटर, मोजून. म्हणजे सारे मिळून साठ, दुकानी भाषेत दोन लहान पेग. बाटल्यांवर फडके घातलेले; कोणत्या पेल्यात काय आहे हे फक्त यजमानांस ठाऊक. शेजारी साध्या गाळलेल्या पाण्याचा तांब्या व एक चमचा. बर्फ नाही. बर्फाने जीभ बधिर होते व वास गोठतो. उलट पाण्याचे चार थेंब घातले तर अर्कात दडलेला सुगंध मोकळा होतो. आम्ही हे पुस्तकी सांगणे समजलो होतो, परंतु दुसऱ्या पेल्यात पाणी घालून पाहिले तेव्हा कोरड्या मातीवर पहिली सर यावी तसा फरक पडला.

त्या बैठकीत ज्यांचे नाक सर्वांत श्रेष्ठ मानले जाते त्या यजमानांच्या सूनबाई. त्या औषधनिर्मितीच्या कारखान्यात काम करतात. परंतु आपले नाक प्रयोगशाळेत नव्हे, सासूबाईंच्या व आजेसासूबाईंच्या स्वयंपाकघरात तयार झाले असे त्यांचे म्हणणे. इंग्रजी पुस्तकांत अमक्या व्हिस्कीस हेदर फुलाचा वास येतो असे लिहिलेले असते. हेदर आपल्यापैकी कोणी हुंगले आहे? म्हणून या मंडळीने आपले शब्द घरातूनच घेतले आहेत. पहिल्या पेल्याविषयी वहीत लिहिले गेले: मधाचे पोळे, किंचित धूर, भाजलेली कणीक. दुसऱ्याविषयी: हिरवे सफरचंद, नाशपती, नारळाची वडी थापताना येतो तो वास. तिसऱ्यापाशी सूनबाई बराच वेळ थांबल्या व म्हणाल्या, "गुळांबा. आणि मागे कुठेतरी चूल पेटून राहिली आहे." चौथा पेला नाकाशी नेताच आम्ही मागे सरलो. पावसाळ्यात ओल्या लाकडांवर पेटविलेली चूल, त्यात समुद्राचा खारटपणा आणि लहानपणी गुडघा फुटल्यावर लावीत त्या टिंक्चर आयोडीनचा बोळा! डॉक्टर डोळे मिटून म्हणाले, "अहाहा." अशा वस्तूचे लोक पैसे देतात, याचे आम्हांस नवल वाटले, आणि अर्ध्या घटकेने आमचेच नाक पुन्हा त्या पेल्याकडे गेले, याचे अधिक नवल वाटले.

फडकी निघाली. पहिली व्हिस्की जॉनी वॉकर ब्लॅक लेबल, म्हणजे मिश्र व्हिस्की. दुसरी बारा वर्षांची ग्लेनलिव्हेट, स्पे नदीच्या खोऱ्यातील. चौथी दहा वर्षांची लाफ्रॉइग, आयला बेटावरची; तेथे जव वाळविताना पीट नावाचा दलदलीतील वाळका थर जाळतात, तो धूर दाण्यात मुरतो व शेवटपर्यंत सुटत नाही. आणि तिसरी, जी सात जणांपैकी पाच जणांस सर्वांत आवडली, ती स्कॉच नव्हतीच. ती बंगळूरची अमृत फ्यूजन.

येथे यजमानांनी थोडा पाठ घेतला. मास्तरकी हाडातून जात नाही. स्कॉच म्हणविण्यासाठी मद्य स्कॉटलंडमध्येच काढलेले, तेथेच ओकच्या पिंपात निदान तीन वर्षे मुरविलेले आणि बाटलीत चाळीस टक्क्यांहून कमी तीव्रतेचे नसलेले असावे लागते. बाटलीवर बारा वर्षे लिहिले असेल तर आतील सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचे ते वय. एकाच भट्टीतील केवळ जवाच्या माल्टची ती सिंगल माल्ट. आणि अशा अनेक माल्टांत दुसऱ्या धान्याची हलकी व्हिस्की मिसळली की ती मिश्र. १८३० साली ईनियस कॉफी यांनी अखंड चालणाऱ्या भट्टीची सनद घेतली व धान्याची व्हिस्की स्वस्त झाली. पुढे फ्रान्समधील द्राक्षवेली किडीने नष्ट होऊन ब्रँडी दुर्मिळ झाली, तेव्हा ती जागा मिश्र स्कॉचने घेतली. साहेबाबरोबर ती आपल्या छावण्यांत, अर्थात आमच्या कामठीतही, आली.

"मग विकत घेताना पाहावे काय?" असे आम्ही विचारले. यावर बँक अधिकाऱ्यांचे उत्तर आम्हांस फार आवडले: "आधी आपल्याला धूर आवडतो की फळ, ते ठरवा. किंमत मागून." अभियंत्यांचा सल्ला व्यवहारी होता. पुष्कळ मिश्र स्कॉच पिंपातून भारतात आणून येथे बाटलीत भरतात. ती खोटी नव्हे, पण चिठ्ठीवर तसे लिहिलेले असते ते वाचावे. सिंगल माल्ट मात्र २०१२ पासून स्कॉटलंडमध्येच बाटलीत भरणे सक्तीचे आहे. रिकाम्या बाटल्या रद्दीवाल्यास खोक्यासकट कधीही देऊ नयेत, चिठ्ठी फाडूनच द्याव्यात. भारी बाटलीत भलतेच भरून विकणारे त्यांची वाट पाहत असतात. ज्याच्या दुकानी पावती मिळत नाही त्याच्याकडे स्वस्त म्हणून जाऊ नये. परदेशी मद्यावरील आयात-कर दीडशे टक्के होता. तो आधी पंचाहत्तर व मग दहा वर्षांत चाळीसवर आणण्याचे २०२५ च्या जुलैत ब्रिटनशी झालेल्या करारात ठरले आहे. महाराष्ट्र सरकारनेही आपला खास कर २०२१ मध्ये तीनशे टक्क्यांवरून दीडशेवर आणला. हे सांगताना बँक अधिकाऱ्यांचा चेहरा उजळला आणि डॉक्टरांचा उतरला. "स्वस्त होईल," डॉक्टर म्हणाले, "आणि माझ्याकडे येणारे वाढतील." जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या आरंभी मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही असे स्पष्ट सांगितले, ते त्यांनी तेथेच, पेला हातात असताना, आम्हांस ऐकविले. असे बोलणे आणि असे करणे यांचा मेळ ते कसा घालतात हे आम्हांस कळले नाही. त्यांसही ते कळत असावे असे वाटले नाही.

अमृतविषयी मात्र सर्वजण अभिमानाने बोलले. बंगळूरच्या जगदाळे घराण्याने १९४८ साली हा कारखाना काढला. जगदाळे हे आडनाव ऐकताच मराठी कान टवकारणारच! २००४ साली त्यांनी आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगोत, म्हणजे स्कॉच लोकांच्या घरात, नेऊन मांडली. आणि २०१० च्या आपल्या वार्षिक ग्रंथात जिम मरे या परीक्षकाने फ्यूजनला जगात तिसरी जागा दिली. तिच्यात आपल्याकडील जव व धुरावलेला स्कॉटिश जव असे दोन्ही असतात, म्हणून सूनबाईंस गुळांब्यामागे चूल जाणवली. पिंपात मुरताना मद्याचा काही अंश उडून जातो, त्यास स्कॉच लोक देवदूतांचा वाटा म्हणतात. त्यांच्या थंड हवेत तो वर्षास सुमारे दोन टक्के, बंगळुरात दहा-बारा टक्के. त्यामुळे आपल्याकडे मद्य लवकर परिपक्व होते व लवकर संपतेही. त्या कारखान्याने एका मद्याचे नावच 'लोभी देवदूत' ठेवले आहे. बागाईतदार म्हणाले, "आमच्या काटोलास पिंप ठेवलं तर वैशाखात देवदूत पिंपासकट घेऊन जातील."

सर्व हसले. आम्हीही हसलो, आणि त्या हास्याच्या भरात तिसरा रिकामा पेला पुढे सरकवून म्हणालो, "यातला अजून एकच होऊन जाऊ द्या."

खोलीत कोणी बोलले नाही. डॉक्टर पाण्याच्या तांब्याकडे पाहू लागले. यजमान आमच्याकडे न पाहता मधल्या दाराकडे पाहत होते. दारापलीकडे मातुःश्री खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिले नाही, पण वर्तमानपत्राचे पान उलटता उलटता त्यांचा हात थांबला. घड्याळात नवाला पाच मिनिटे कमी होती. यजमानांनी चारही बाटल्या उचलल्या, आत नेल्या, आणि कुलूप लागल्याचा आवाज आम्ही ऐकला. मग सूनबाईंनी "पानं वाढली आहेत" म्हणून सांगितले. वडाभात व कढी यांचे ते जेवण उत्तम होते, परंतु आमच्या घशाखाली ते नीट उतरले नाही. निघताना अभियंते आमच्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. आम्ही पूर्वी आठ होतो." आठव्या गृहस्थांस महिन्याची बैठक केव्हा येते याचे दिवस मोजण्याची सवय लागली होती, ते त्यांचे त्यांनीच एके दिवशी सांगितले व येणे सोडले. तेव्हापासून ही सातही माणसे दर रविवारी सकाळी त्यांच्यासोबत तर्री-पोहे खावयास जातात. त्या दिवशी व्हिस्कीचा विषय काढावयाचा नाही असे ठरलेले आहे.

दुसऱ्या दिवशी स्नेही आम्हांस सावनेरास घेऊन गेले. का, ते त्यांनी सांगितले नाही व आम्ही विचारले नाही. नागपुराहून उत्तरेस सुमारे चाळीस किलोमीटर; कोराडीच्या वीज-केंद्राची धुरांडी मागे पडली की दोन्ही हातांस बागा लागतात. आंबिया बहाराची तोड संपत आली होती, आणि रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग लागले होते. येथे मात्र आम्ही भरपूर सोलून खाल्ली.

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी या सावनेरात वारले. वय तेहेतीस. दुखण्याने खंगलेल्या स्थितीत त्यांस येथे वडील बंधूंकडे आणले होते, आणि अखेरच्या दिवसांत त्यांनी येथेच 'भावबंधन' पुरे केले. 'एकच प्याला' रंगभूमीवर आलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ते त्याच वर्षी, त्यांच्या मागे, गंधर्व नाटक मंडळीने केले. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर ज्यांनी पाहिला ते लोक जन्मभर त्याविषयी बोलत. आम्ही लहान असताना घरोघर असा समज होता की, ते नाटक पाहिल्यावर कोणी दारूस शिवणार नाही.

कोलार नदीच्या पुलाशी गाडी थांबवून स्नेही बोलू लागले. "बाबांनी 'एकच प्याला' सात वेळा पाहिलं होतं. सातही वेळा रडले. मी एकदा बरोबर होतो. सिंधू जात्यावर बसते त्या प्रवेशाला त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की दुखला. नाटक सुटल्यावर मला टांग्यात बसवून घरी पाठवलं आणि स्वतः मित्रांबरोबर गेले. पहाटे आले." एवढे सांगून ते गाडीत बसले. त्यांचे वडील मोठे अधिकारी होते आणि सत्तेचाळीसाव्या वर्षी यकृताच्या विकाराने गेले, एवढे आम्हांस पूर्वीपासून ठाऊक होते. त्यापुढचे त्यांनी कधी सांगितले नव्हते.

त्या रात्री जेवणानंतर आम्ही मातुःश्रींजवळ जाऊन बसलो व आदल्या दिवसाबद्दल क्षमा मागितली. त्यांनी ती गोष्ट मनावर घेतली नव्हती. निदान तसे दाखविले नाही. आम्ही धीर करून विचारले, "काकू, तुम्हांला हे घरात चालतं कसं?"

"चालत नाही," त्या म्हणाल्या. "पण पाहा बाबा, यांना मी घरात बंद केलं होतं. शपथा घातल्या, देवापुढे उभं केलं. मग ते कामठीला जायचे. घरात थेंब नाही, आणि माणूस मात्र पिऊन राहिला आहे. किती घेतात, कोणाबरोबर घेतात, मला काही कळायचं नाही. पिण्यापेक्षा ते न कळणं मला जास्त छळायचं. मुलानं जेव्हा हे काढलं तेव्हा मी त्याला म्हटलं, मी नाही म्हणणार नाही. पण घरात करायचं, माझ्यासमोर करायचं, आणि किल्ली माझ्याकडे. मला मोजता आलं पाहिजे."

"आणि ते चुकले तर?"

"तर किल्ली विहिरीत टाकीन," त्या म्हणाल्या. मग थोडे थांबून, "विहीर बुजवली म्हणा आता. नगरपालिकेच्या नळाखाली टाकीन." आणि हसल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघावयाच्या वेळी नमस्कारास गेलो तेव्हा त्या देवपूजेत होत्या. कपाटाच्या खणावर ती वही उघडी होती. दुसऱ्याची वही वाचू नये हे आम्हांस कळते, तरी वाचली. बाळबोध, सुवाच्य अक्षर. प्रत्येक बैठकीची तिथी, बाटल्यांची नावे जशी ऐकू येतात तशी मराठीत लिहिलेली, रेघेपासून रेघेपर्यंतचा हिशेब बोटांच्या पेरांत. मागील पाने चाळली तर वर्षानुवर्षांचे मार्गशीर्ष आणि माघ तसेच भरलेले. मध्येच एका बैठकीसमोर "आठवे आले नाहीत. बरे केले" असे होते.

शेवटच्या पानावर आमची तिथी होती. चारही बाटल्यांचे हिशेब बरोबर. खाली वेगळ्या ओळीत लिहिले होते: "पाहुण्यांची एक बाटली जमा. पाहुण्यांनी अधिक मागितली. दिली नाही."

आमची गाडी वर्ध्यावरून जात होती. तो जिल्हा अर्धशतकापासून दारूबंदीचा आहे. सेवाग्राम स्थानक गेले तेव्हा आम्ही सूनबाईंनी दिलेला डबा उघडला, वर संत्र्याची बर्फी होती आणि खाली एक चिठ्ठी, मातुःश्रींच्या त्याच अक्षरात: "माघात ये. तुझी बाटली तेव्हा काढू."